फुकट शेअरचा हिशेब

मुंबईहून गोव्याकडे जाताना कणकवलीच्या अलीकडे तळेरे लागतं. इथून एक रस्ता वैभववाडीवरून घाट चढत गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो, तर दुसरा विजयदुर्गाच्या दिशेने खाडीकडे उतरतो. या भागात बाहेरचा पैसा पिढ्यानपिढ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीनेच आला. शेअर, दलाल, डीमॅट हे शब्द मुंबईच्या फोर्ट भागातले. गावात त्यांचं काम नव्हतं. आता आधार, पॅन आणि बँक खातं असेल, तर तळेऱ्यात घरबसल्या मोबाइलवर डीमॅट खातं उघडता येतं. त्याच मोबाइलवर जाहिरातही येते : खातं उघडा, एक शेअर मोफत. मित्राला आणा, आणखी एक शेअर मोफत. ती वाचून कोणीही म्हणेल, "फुकट गावता, मगे घेवक काय जाता?"

घ्यायला काही जात नाही, हे खरं. पण मिळालेल्या शेअरची नोंद ठेवली नाही, तर पुढे जातं. कधी जास्तीचा कर जातो, कधी चुकीचं विवरणपत्र भरल्यामुळे नोटिशीला उत्तर देण्यात वेळ जातो. म्हणून शे-पाचशे रुपयांच्या या शेअरसाठी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. यातले नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण फुकट मिळालेल्या मालमत्तेकडे बघण्याची कायद्याची रीत तीच राहिली आहे.

कर दोन दिवशी विचारला जातो

फुकट शेअरच्या बाबतीत दोन तारखा महत्त्वाच्या असतात. एक, शेअर खात्यात जमा झाला तो दिवस. दुसरी, तो विकला तो दिवस. पहिल्या दिवशी प्रश्न असतो : हे उत्पन्न आहे का? दुसऱ्या दिवशी प्रश्न असतो : नफा किती झाला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं नसेल, तर दुसऱ्याचं उत्तर चुकतं. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण पहिल्या दिवशी हातात रोकड आलेली नसते आणि त्यामुळे काही घडलं असं वाटतच नाही.

आधी पहिला दिवस पाहू. कलम ५६(२)(एक्स) हे १ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कोणाला मोबदला न देता मालमत्ता मिळाली, तर तिची बाजारातली किंमत त्याच्या 'इतर स्रोतांतील उत्पन्नात' धरावी, असं हे कलम सांगतं. या कलमाच्या अर्थाने मालमत्तेत शेअर आणि रोखे येतात. मर्यादा ५०,००० रुपयांची आहे आणि ती वर्षभरात अशा रीतीने मिळालेल्या सगळ्या जंगम मालमत्तेच्या बेरजेला लागते. बेरीज ५०,००० पर्यंत असेल तर या कलमाखाली कर नाही. ती ५०,००० च्या वर गेली, तर वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्याच रकमेवर कर लागतो. उदाहरणार्थ, बेरीज ५१,००० झाली तर पूर्ण ५१,००० उत्पन्नात जातात.

नातेवाइकांकडून मिळालेलं यातून वगळलं आहे. आई-वडील, पती-पत्नी, भावंडं, मुलं अशी नात्यांची यादी कायद्यातच दिली आहे. लग्नात मिळालेला आहेर आणि वारसाहक्काने आलेली मालमत्ताही करातून सुटते. मुलाने वडिलांना एक लाखाचे शेअर दिले, तरी वडिलांना त्या दिवशी कर नाही. पण दलाल कंपनी आपली नातेवाईक नसते. तिच्याकडून आलेल्या शेअरला यातली कोणतीही सवलत मिळत नाही. मिळाली तर फक्त ५०,००० ची मर्यादा.

बक्षीस की मोबदला?

ती मर्यादाही नेहमी मिळेल असं नाही. कलमातले शब्द 'मोबदल्याशिवाय' असे आहेत. कंपनीने काहीही न मागता शेअर दिला, तर तो त्या शब्दांत बसतो. पण आपण दहा ओळखीच्यांची खाती उघडून दिली आणि प्रत्येकामागे शेअर घेतला, तर ते कामाचं फळ झालं. ती दलाली झाली, भेट नव्हे. अशी कमाई पहिल्या रुपयापासून उत्पन्न आहे. रोख मिळाली काय, शेअरच्या रूपात मिळाली काय, फरक पडत नाही.

खातं उघडल्याबद्दल मिळालेला शेअर या दोन टोकांच्या मधे बसतो. ग्राहकाने खातं उघडलं, कागदपत्रं दिली, कधी ठरावीक रक्कमही जमा केली. त्याच्या बदल्यात शेअर आला. याला निखळ भेट म्हणायचं की नाही, यावर वाद घालता येईल. रक्कम लहान असेल तर वादात न पडता ती इतर स्रोतांतील उत्पन्न म्हणून दाखवणं हा सगळ्यात निर्धोक मार्ग आहे. आणि बहुतेक पगारदारांसाठी तो स्वस्तही आहे. तो कसा, हे पुढच्या उदाहरणात दिसेल.

'कंपनीने टीडीएस कापला नाही, म्हणजे कर नाही,' असा समज सर्रास आढळतो. धंद्याच्या अनुषंगाने दिलेल्या लाभावर १० टक्के टीडीएस कापायला लावणारं कलम १९४आर १ जुलै २०२२ पासून आलं. पण ते घेणारा माणूस धंदा किंवा व्यवसाय करणारा असेल आणि वर्षाचा लाभ २०,००० रुपयांच्या वर असेल, तेव्हाच लागतं. एखाद्या शिक्षिकेला ५०० रुपयांचा शेअर दिला, तर तिथे टीडीएसचा प्रश्नच नाही. टीडीएस ही कर गोळा करण्याची एक पद्धत आहे. ती वापरली गेली नाही म्हणून कराची जबाबदारी संपत नाही.

तळेऱ्यातल्या बाईंचा शेअर

समजा, तळेऱ्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं वर्षाचं करपात्र उत्पन्न ९ लाख रुपये आहे आणि त्या नव्या करप्रणालीत आहेत. जून २०२५ मध्ये त्यांनी डीमॅट खातं उघडलं आणि एका भारतीय कंपनीचा एक शेअर त्यांना मोफत मिळाला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी तो ११०० रुपयांना विकला.

पहिलं काम जूनमधली किंमत ठरवण्याचं. हा शेअर बाजारात खरेदी होऊन आलेला नाही. तो दलालाच्या खात्यातून बाईंच्या खात्यात थेट, म्हणजे ऑफ-मार्केट, आला. अशा सूचिबद्ध शेअरची किंमत कशी धरायची, हे आयकर नियम ११यूए मध्ये आहे : ज्या दिवशी शेअर मिळाला, त्या दिवशीचा शेअर बाजारातला सर्वांत कमी भाव. जाहिरातीत छापलेली किंमत नव्हे, ॲपवर झळकलेला आकडा नव्हे. राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार रोजची भावकॉपी त्यांच्या संकेतस्थळावर ठेवतात. मागच्या तारखांचे भावही तिथे मिळतात. समजा, त्या दिवशीचा कमीत कमी भाव ८०० रुपये होता.

आता दोन मार्ग पाहू.

पहिल्या मार्गात बाई हे ८०० रुपये इतर स्रोतांतील उत्पन्नात दाखवतात. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट आहे, म्हणून या ८०० रुपयांवर प्रत्यक्षात कर शून्य. ज्या किमतीवर उत्पन्न म्हणून कराचा हिशेब झाला, तीच पुढे खरेदीची किंमत धरतात. शेअर ११०० ला विकला, म्हणजे नफा ३०० रुपये. बारा महिन्यांच्या आत विकल्यामुळे तो अल्पकालीन आहे. त्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के दर आहे, त्याआधी १५ टक्के होता. ३०० चे २० टक्के ६० रुपये, त्यावर ४ टक्के उपकर २ रुपये ४० पैसे. एकूण ६२ रुपये ४० पैसे.

दुसऱ्या मार्गात बाई ते ८०० रुपये कुठेच दाखवत नाहीत. मग खरेदीची किंमत म्हणून दाखवायला त्यांच्याकडे आकडा उरत नाही. खर्च शून्य धरला, तर सगळे ११०० रुपये नफा. २० टक्क्यांनी २२० रुपये, उपकरासह २२८ रुपये ८० पैसे. शिवाय हा कर ८७ए च्या सुटीने माफ होत नाही, कारण विशेष दराने आकारल्या जाणाऱ्या भांडवली नफ्याला नव्या प्रणालीत ती सूट चालत नाही.

एकच शेअर, एकच विक्री. ज्यांनी उत्पन्न दाखवलं त्यांचा कर ६२ रुपये, ज्यांनी लपवलं किंवा जे विसरले त्यांचा २२९. रक्कम किरकोळ आहे, पण प्रमाण बघा : साडेतीन पटींहून जास्त. नव्या प्रणालीत सुटीच्या मर्यादेत असलेल्या बहुतेक पगारदारांना हे लागू पडतं.

बाईंना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. आयटीआर-१ हा पगारदारांचा सोपा फॉर्म त्यांना चालणार नाही. सूचिबद्ध शेअरवरचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखापर्यंत असेल, तर आता आयटीआर-१ चालतो. अल्पकालीन नफा मात्र एक रुपया असला तरी आयटीआर-२ भरावा लागतो. बाईंनी तोच शेअर बारा महिन्यांहून जास्त ठेवला असता, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर त्यांना करही लागला नसता. त्यावरच्या नफ्यावर दर साडेबारा टक्के आहे. कोकणात ज्यांच्या नावावर काजूची कलमं किंवा हापूसची बाग आहे, त्यांनी हेही पाहावं की शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी ते ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-१ बाद होतो.

अमळनेरचा फुकट शेअर वेगळा

महाराष्ट्रात फुकट शेअर म्हटलं की जाणकारांना अमळनेर आठवतं. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्याचं नाव. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या अनेक घरांनी सुरुवातीच्या काळात तिचे शेअर घेतले आणि पिढ्या बदलल्या तरी ठेवले. कंपनीने वेळोवेळी बोनस दिला. अलीकडचा डिसेंबर २०२४ चा, एकास एक. मूळचे मूठभर शेअर बोनसने वाढत गेले.

बोनस शेअरसाठीही पैसे मोजावे लागत नाहीत. मग त्याच्यावर मिळालेल्या दिवशी कर का नाही? कारण बोनसने भागधारकाची संपत्ती वाढत नाही. एकास एक बोनस दिला की शेअर दुप्पट होतात आणि भाव त्याच मानाने खाली येतो. कंपनीत त्याचा हिस्सा होता तेवढाच राहतो. दलालाने दिलेल्या शेअरने मात्र घेणाऱ्याची संपत्ती खरोखर वाढते. दोघांनाही लोक 'फुकट' म्हणतात. कायदा त्यांच्यात फरक करतो तो याच कारणाने.

बोनसचा कर विक्रीच्या दिवशी येतो. खरेदीची किंमत शून्य धरतात आणि मुदत बोनस शेअर मिळाल्या तारखेपासून मोजतात. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत मिळालेल्या सूचिबद्ध बोनस शेअरना एक मोठा आधार आहे : त्या दिवसाचा बाजारभाव, विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त नसेल इथपर्यंत, खर्च म्हणून धरता येतो. अमळनेरच्या जुन्या भागधारकाला ही तरतूद लाखोंची वाटू शकते. दलालाच्या फुकट शेअरला शून्य खर्च लावणारे लोक बोनसचा नियम चुकीच्या जागी लावत असतात.

अमेरिकन कंपनीचा तुकडा

या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग इथे आहे. काही ॲप अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर विकतात आणि ग्राहकाला एखाद्या बड्या कंपनीच्या शेअरचा छोटासा अंश बक्षीस देतात. शेअरचा शंभरावा भागसुद्धा देता येतो. किंमत काहीशे रुपये. पण हा अंश भारतीय डीमॅट खात्यात येत नाही. तो अमेरिकेतल्या दलालाकडे आपल्या नावाने राहतो. म्हणजे तळेऱ्यात बसलेला माणूस परदेशी मालमत्तेचा मालक होतो.

भारतात सामान्यतः रहिवासी असलेल्या करदात्याने परदेशी मालमत्ता विवरणपत्राच्या 'शेड्यूल एफए' या तक्त्यात दाखवायची असते. तिथे किमान रकमेची सूट नाही. एका शेअरचा अंश असला तरी कंपनीचं नाव, पत्ता, मिळाल्याची तारीख, सुरुवातीची किंमत, वर्षातली कमाल किंमत, वर्षअखेरची किंमत आणि त्यापासून झालेलं उत्पन्न भरावं लागतं. वर्षात विकून टाकला तरी दाखवायचाच. किमती रुपयांत, स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराने.

या तक्त्याचं वर्षही वेगळं आहे. उत्पन्न एप्रिल ते मार्च मोजतात, शेड्यूल एफए मात्र जानेवारी ते डिसेंबर. २०२५-२६ च्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ मधली परदेशी मालमत्ता येते. फुकट शेअर फेब्रुवारी २०२६ मध्ये मिळाला असेल, तर त्याची किंमत उत्पन्न म्हणून याच वर्षी, पण तक्त्यातली नोंद पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात.

परदेशी मालमत्ता असली की आयटीआर-१ आणि आयटीआर-४ दोन्ही बंद होतात. पगारदाराला आयटीआर-२ लागतो. नाक्यावरचा दुकानदार अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत आयटीआर-४ भरत असेल, तर त्याला आयटीआर-३ कडे जावं लागतं. शेअरचा एक अंश त्याचं पूर्ण विवरणपत्र बदलतो. त्यावर लाभांश मिळाला तर अमेरिका २५ टक्के कर कापते; त्याचं श्रेय भारतात घ्यायचं असेल तर फॉर्म ६७ भरावा लागतो. विक्रीवर मुदत बारा नव्हे, चोवीस महिन्यांची. त्याआधी विकला तर नफा आपल्या स्लॅबने, नंतर विकला तर साडेबारा टक्क्यांनी. सव्वा लाखाची सवलत या शेअरला नाही.

न दाखवण्याची शिक्षा मोठी आहे. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्यात परदेशी मालमत्ता विवरणपत्रात न दाखवल्याबद्दल १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकीच्या परदेशी मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांपर्यंत असेल, तर हा दंड लागत नाही. छोट्या गुंतवणूकदाराला त्याने मोठा दिलासा मिळाला. पण दंड गेला, तरी दाखवण्याचं कर्तव्य गेलेलं नाही. भारत आणि अमेरिकेत खात्यांची माहिती देण्याघेण्याचा करार ९ जुलै २०१५ रोजी झाला आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परदेशी मालमत्ता असलेल्या करदात्यांना आठवण करून देणारी मोहीमही चालवली. माहिती तिकडून येते, आपण सांगितली नाही तरी येते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी

सिंधुदुर्गातली मुलं आता न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातही आहेत, आणि फुकट शेअरची प्रथा रुजली ती मुळात तिकडेच. रॉबिनहूडसारख्या कंपन्यांनी ती लोकप्रिय केली. तिथला नियम जास्त सरळ आहे. ५०,००० सारखी मर्यादा नाही. शेअर मिळाला त्या दिवसाची किंमत हे उत्पन्न आणि तीच पुढे खरेदीची किंमत. दलाल ही रक्कम फॉर्म १०९९-एमआयएससी वर कळवतो. २०२५ पर्यंत त्याची मर्यादा ६०० डॉलर होती, २०२६ पासूनच्या रकमांसाठी ती २,००० डॉलर आहे. मर्यादा फॉर्म पाठवण्याची आहे, कराची नाही. फॉर्म आला नाही तरी वीस डॉलरचा शेअर विवरणपत्रात दाखवायचा असतो.

काय लिहून ठेवायचं

फुकट शेअर घेतला की त्याच दिवशी चार गोष्टी वहीत लिहा : कंपनीचं नाव, तारीख, त्या दिवसाचा कमीत कमी भाव आणि शेअर कशाबद्दल मिळाला ते. योजनेच्या अटींचा स्क्रीनशॉट आणि दलालाचा ईमेल जपून ठेवा. ॲपवरची योजना बंद झाली की तिचा पुरावा शोधणं अवघड होतं. शेअर भारतीय की परदेशी याची खात्री नसेल, तर आयएसआयएन क्रमांक बघा. भारतीय शेअरचा क्रमांक आयएन या अक्षरांनी सुरू होतो, अमेरिकेचा यूएस या अक्षरांनी. विवरणपत्र भरण्याआधी आयकर संकेतस्थळावरचं वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडा. नोव्हेंबर २०२१ पासून ते उपलब्ध आहे आणि त्यात ऑफ-मार्केट जमा झालेल्या शेअरचे व्यवहारही येतात. तिथे दिसतंय ते आपल्या विवरणपत्रात नसेल, तर विभाग विचारणारच.

एक सावधगिरी कराच्याही आधीची. फुकट शेअरसाठी किंवा हमखास आयपीओसाठी व्हॉट्सॲप गटावरून पैसे भरायला सांगितलं, तर ती फसवणूक आहे. दलाल सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

परदेशी शेअरच्या अंशाबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे : अमेरिकन बाजारात नियमित गुंतवणूक करायची नसेल, तर तो घेऊ नका. दोन-तीनशे रुपयांसाठी दर वर्षी शेड्यूल एफए भरत बसणं कोणाच्याही फायद्याचं नाही. भारतीय कंपनीचा शेअर मिळत असेल तर खुशाल घ्या. पण मिळाल्या दिवशीचा भाव लिहून ठेवा आणि तो विवरणपत्रात दाखवा.